रस्ता विचारायचा नाही

आमच्या भागात रस्ता विचारणं म्हणजे नुसतं रस्ता विचारणं नसते. गावाच्या तोंडावर पानठेला राहते, ठेल्यावर चार रिकामे लोक राहतात, आन तुम्ही म्हटलं की बाबा, अमक्याचं घर कोणतं, की ते पहिले गाडीत वाकून पाहतात. बाई नवं लुगडं नेसून आहे, पोट्टा इस्त्रीचा शर्ट घालून मागं बसला आहे, मिठाईचा डबा मांडीवर आहे. झालं. पोरगी पाहाले आले. मग कोणत्या गावचे, कोणाचे कोण, पोट्टा काय करते, हे सगळं विचारून झालं की मग रस्ता सांगतात. तुम्ही तिकडं हातपाय धूत राहता, आन इकडं त्यातला एक जण मोबाईल काढून तुमच्या गावातल्या सोयऱ्याले विचारून घेते. चहा येते न येते, तेवढ्यात पोरीकडच्यांचे कान भरून, भांजी मारून मोकळा. जमत आलेलं लग्न मोडाले एक वाक्य पुरते.

आमच्या अतुलची अशी दोन ठिकाणं गेली.

मी कुसुमबाई. आमचे हे, यादोराव, शाळेच्या पोरांची व्हॅन चालवतात. अतुल आमगावात राईस मिलमध्ये कॉम्प्युटरवर आहे. एकोणतीस वर्षांचा झाला. दारू नाही, खर्रा नाही, घरी आला की स्वतःचं ताट स्वतः धुते. पोट्ट्यात काडीची खोट नाही. पण लोक एकच सांगतात, त्या घरात सिकल आहे.

आहे ना. मी कुठं नाही म्हणते? माझी मोठी पोरगी साक्षी सिकलसेलनंच गेली. तेरा वर्षांची होती, सतरा वर्षं झाली आता. रक्ताची बिमारी आहे ती. मले आन यांले, दोघांलेही थोडी थोडी होती, आम्हाले कुठं माहीत? दोघांची मिळून तिले पुरी झाली. अतुलच्या वाट्याले थोडीच आली, म्हणून त्याले दवाखान्यातून पिवळं कार्ड भेटलं. डॉक्टरीणबाई तेव्हाच बोलली होती की याले काही होत नाही, हा सत्तर वर्षं जगन, फक्त याची बायको पिवळ्या कार्डाची करू नका. तेवढं एक पाहा.

तेवढं एक पाहायचं कसं, ते तिनं नाही सांगतलं. पोरीचं कार्ड मागितलं की ते आपलं मागणार. आपलं दाखवलं की ते 'कळवतो' म्हणणार, आन कळवतो म्हणणाऱ्याचा आजपर्यंत कोणाले फोन आला? अतुल म्हणे, आई, आपणच पहिले सांगून टाकू. एका ठिकाणी तर हा शहाणा खिशातून कार्ड काढाले निघाला होता. मी ते त्याच्या हातातून घेतलं आन माझ्या पाकिटात ठेवलं. पिवळ्या कार्डाच्या पोरी असून असून किती असतील, अशी मी मनाची समजूत घातली. तो विषय मी बंदच करून टाकला.

पहिलं ठिकाण देवरीकडचं होतं, मागच्या फेब्रुवारीत. अतुलनं फोनवर नकाशा लावला. जंगल लागलं तसं नेटवर्क गेलं आन तो नकाशा जागच्या जागी थिजला. विचारावं लागलं, आन जे व्हायचं ते झालं. दुसऱ्या वेळी, मे महिन्यात, त्यानं म्हणे नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घेतला होता, नेटची गरजच नाही. बरं बाप्पा. काचेसमोर ठेवलेला फोन उन्हानं तापला आन नेमका तिठ्यावर बंद पडला. मी थांबा म्हणेपर्यंत यांनी काच खाली करून विचारलंही. यांले लोकांशी बोलायची भारी हौस. रस्ता माहीत असला तरी विचारतात.

मग यंदा जानेवारीत माझ्या नणंदेनं, धुरपतानं, साजाटोल्याचं ठिकाण आणलं. सालेकशाच्या पुढं, जंगलाच्या अंगाले आहे गाव. पोरगी रचना, बी.ए. झालेली. फोटो पाहिला तर पोरगी सरळ कॅमेऱ्याकडे पाहून राहिली होती, मान खाली घातलेली नव्हती. मले आवडली. मी त्याच दिवशी ठरवलं, या वेळी वाटेत एकाही माणसाशी बोलायचं नाही. जीपीएसची मशीन घ्यायची.

अतुल म्हणे, आई, आता कोणी घेत नाही ती मशीन. मी म्हटलं, कोणी घेत नाही म्हणूनच सगळ्यांच्या सुना पानठेल्यावर अडकतात.

तिघंही गोंदियाले गेलो. चुन्नीलालच्या दुकानात गाडीचं सगळं सामान भेटते, सीटचे कव्हर, हॉर्न, मागं लावाले देवाचे स्टिकर. माणूस हिंदी बोलणारा, पण आमचं सगळं समजते. जीपीएस म्हटल्यावर त्यानं काडीपेटीएवढी काळी डबी काढून ठेवली. ही गाडीत लपवून लावायची, मग गाडी कुठंही जावो, घरी बसून फोनवर दिसते. मी विचारलं, रस्ता सांगते का? म्हणे रस्ता नाही सांगत, गाडी कुठं आहे ते सांगते.

मी म्हटलं, "गाडी कुठं आहे ते मले माहीत राहते, मी तिच्यातच बसली राहते. मले पुढचं पाहिजे."

मग त्यानं मोठा पडदा दाखवला, गाणे, सिनेमा, सगळं. पण रस्ता दाखवाले त्यालेही फोनचं नेट लागे. म्हणजे पुन्हा तेच. ठेवून दे म्हटलं. शेवटी तो खाली बसला, काचेच्या कपाटाच्या खालच्या खणात हात घातला आन धूळ बसलेला एक डबा काढला. त्यात वहीएवढा चपटा टीव्ही म्हणा. याचा नकाशा याच्या पोटातच, नेट नको, फोन नको. फोन आल्यापासून कोणी विचारत नाही म्हणून पडून होता. म्हणून भावातही नरम आला.

चालू करून दाखवतो म्हणे, कहाँ जाना है?

यांनी तोंड उघडलं, मी यांच्या पायावर पाय दिला आन सांगतलं, नागपूर. चुन्नीलाल म्हणे नागपूरचा रस्ता तर सरळ आहे, त्याच्यासाठी मशीन कायले पाहिजे? तो दिवसभर जिल्ह्यातल्या माणसांत बसते. साजाटोल्याचं कोणी त्याचं गिऱ्हाईक नसन कशावरून? मी त्याले म्हटलं, भाऊ, तू भिंतीकडे तोंड कर, आमचा पोट्टा टाकन गावाचं नाव. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग अतुलकडे पाहिलं, आन खरंच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मशीननं साजाटोला दाखवला. जिल्हा परिषदेची शाळासुद्धा दाखवली. पैसे देताना चुन्नीलाल हळूच जवळ आला आन विचारलं, "गुप्तधन का मामला है क्या?"

"हाव," मी म्हटलं, "तसंच समज."

आठ दिवस यांनी ती मशीन शाळेच्या व्हॅनमध्ये लावून सवय केली. आतून एक बाई हिंदीत बोले. हे नेहमीच्या पांदणीनं गाडी घालत, ती म्हणे वापस मुड़ें. हे तिच्याशी भांडत. शाळेची पोरं हसत. घरी येऊन यांनी मले सांगतलं की बाई हुशार आहे, पण हट्टी आहे. मी म्हटलं, तशा बाईची तुम्हाले सवय आहे.

रविवारी सकाळी निघालो. सालेकशापर्यंत सगळं ओळखीचं. पुढं फाटक लागलं, मालगाडी गेली, मग जंगल सुरू झालं आन अतुलच्या फोनचं नेटवर्क गेलं. मशीन मात्र बोलून राहिली होती. दोन सौ मीटर बाद बाएँ मुड़ें. यांनी गाडी डावीकडे घातली आन तिथं खरंच रस्ता होता. मले इतका आनंद झाला की मी मिठाईच्या डब्यावर हात मारला. थंडी होती, काचा वर होत्या, कोणाले संशय यायचंही कारण नव्हतं.

साजाटोल्याच्या तोंडावर पानठेला होताच. चार जण उन्हाले बसले होते. एकानं आमची गाडी पाहून हात वर केला, थांबा, कुठं जाता, अशा अर्थानं. ठेल्यावर थांबल्याशिवाय परका माणूस गावात शिरत नाही ना. यांचा पाय ब्रेकवर गेलेला मले दिसला. मी म्हटलं, चला. मशीननं आम्हाले शाळेसमोर नेऊन उभं केलं आन मंज़िल आ गई म्हणून गप्प झाली. तिथून तिसरं घर, निळं फाटक, एवढं धुरपतानं सांगून ठेवलं होतं.

पोरीची आई सुशीलाबाई फाटकातच उभी होती. जयभीम झाला. तिनं पहिलंच विचारलं, रस्त्यात कोणाले विचारावं तर नाही लागलं? मी सांगतलं, नाही, मशीननं आणलं. तिनं मोठा श्वास सोडला. म्हणे बरं झालं, आमच्या गावचे लोक भलते भांजीमारे आहेत. मी मनात म्हटलं, चला, समजदार सोयरे भेटले.

रचना पोहे घेऊन आली. आली, बसली, आन आमच्या यांनी विचारलं त्याचं धड आवाजात उत्तर दिलं. मग तिनंच अतुलले विचारलं की मिलची लाईन गेली की कॉम्प्युटरवाले काय करतात? अतुल म्हणाला, भुसा मोजतात. ती हसली, हाही हसला. पोरगी पाहाले गेल्यावर माझा पोट्टा हसलेला मी पहिल्यांदा पाहिला. माझ्या डोक्यात तारीखसुद्धा ठरली.

पोहे झाले, मी हात धुवाले उठली. सुशीलाबाई म्हणे पाणी इथंच आणते. मी म्हटलं, कायले, जाते ना मी न्हाणीकडे. ती पुढं आली, पण तोवर मी मागच्या ओसरीत पोचली होती. तिथं एका खोलीचं दार लोटलेलं होतं आन आतून आवाज येऊन राहिला होता.

तो आवाज मले कोणी सांगाले नोको. रडणं नव्हतं ते. रडाले ताकद लागते. दात दाबून, श्वास सोडताना निघणारा आवाज होता, कोणाले ऐकू जाऊ नये म्हणून बारीक केलेला. सतरा वर्षांत मी तो विसरली नव्हती. मी दार लोटलं.

बारा-तेरा वर्षांची पोरगी गोधडीत होती. दोन्ही गुडघ्यांले कापड बांधलेलं, बाजूले शेगडी, उशाशी पिवळ्या बारक्या गोळ्यांची डबी. तिनं मले पाहून तोंड गोधडीनं झाकलं. झाकायच्या आधी मले डोळे दिसले. पिवळे. मागून सुशीलाबाई घाईघाईनं सांगून राहिली होती की मलेरिया आहे, लहान पोरगी आहे माझी, भाग्यश्री, ताप आहे, बाकी काही नाही.

मी खाटेवर बसली आन त्या पोरीच्या गुडघ्यावर हात ठेवला. विचारलं, कधीपासून दुखते? ती म्हणे, कालपासून. मी सुशीलाबाईले म्हटलं, पाणी पाज तिले, जास्त पाज, थंडीत हे पोरं पाणी पीत नाहीत. उद्या सकाळपर्यंत नाही थांबलं तर दवाखान्यात ने, वाट पाहू नोको.

मले सगळं माहीत आहे, हे तिले तेव्हा कळलं. ती दारातच खाली बसली.

"बाई," ती म्हणाली, "बाहेर कोणाले सांगू नोका. मोठीचं लग्न मोडन."

हेच वाक्य मी देवरीच्या वाटेवर यांले म्हटलं होतं. फक्त मोठीच्या जागी पोट्टा होता. मले त्या बाईचा राग आला, असा राग की दोन थापडा माराव्या. पोरीले कोंडून ठेवते, विव्हळू नोको म्हणते, मलेरिया म्हणते. आन त्याच वेळी मले दिसलं की माझ्या मांडीवर माझं पाकीट आहे आन त्याच्यात काय आहे.

सांगाले काय जाते, मी तेव्हा नुसती उठून येऊ शकत होती. कळवतो म्हणून गाडीत बसू शकत होती. मनात तेही आलं, खोटं नाही बोलत. याच्यापेक्षा वाईट म्हणजे, एक क्षण असंही आलं की मोठीले नसन काही, असं धरून चालू. पोट्टा हसला होता ना माझा.

मग भाग्यश्रीनं गोधडीतून पुन्हा तो आवाज काढला. मी पाकीट उघडलं आन कार्ड काढून सुशीलाबाईच्या हातावर ठेवलं.

"हे माझ्या पोराचं. माझी मोठी याच बिमारीनं गेली. आता तुमच्या रचनाचं आणा."

तिनं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणे, तुम्ही लपवलं? मी म्हटलं, तुम्ही काय केलं? दोघीही मोठ्यानं बोललो नाही. बाहेर हे पोरीच्या बापाले मशीनचं कौतुक सांगून राहिले होते, ते इथपर्यंत ऐकू येत होतं.

रचना कधी मागं येऊन उभी राहिली ते आम्हाले माहीत नाही. तिनं कपाट उघडलं, खालच्या फळीवरचा कागद उचलला आन त्याच्या खालून आपलं कार्ड काढून आणलं. माझ्या हातात नाही दिलं. खाटेवर ठेवलं, अतुलच्या कार्डाच्या बाजूले. दोन पिवळे कार्ड. भाग्यश्रीनं गोधडीतून मान काढून पाहिलं आन म्हणाली, "दोन्ही सारखेच आहेत."

लहान पोर ते, तिले काय समजते? तिले बरं वाटलं असन.

अतुलले रचनानंच सांगतलं, अंगणात, उभ्या उभ्या. मी ओसरीतून पाहून राहिली होती. त्यानं ऐकलं, मान हलवली, मग वळून माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. त्यानं हात पुढं केला, मी कार्ड दिलं, त्यानं ते आपल्या खिशात ठेवलं. मिठाईचा डबा मी भाग्यश्रीच्या उशाशी ठेवून आली.

परत जाताना पानठेल्यावर तोच माणूस होता. या वेळी त्यानं हात नाही केला, नुसता पाहत राहिला. त्याले ठाऊक होतं. अख्ख्या गावाले ठाऊक असन. सकाळी मी काच खाली केली असती तर त्यानं विड्याले चुना लावता लावता सांगतलं असतं, आन माझ्या पोट्ट्यानं त्या पोरीले हसवलंही नसतं. त्या एका माणसाले चुकवाले मी गोंदियापर्यंत जाऊन मशीन आणली होती. ती पुढं बोलूनच राहिली होती, सीधे चलें, सीधे चलें. मी यांले म्हटलं, बंद करा तिले. यांनी काही न विचारता बंद केली.

आठ दिवस अतुल मिलमधून आला, जेवला की आपलं ताट धुवे आन निजे. नवव्या दिवशी मीच त्याच्या खोलीत गेली आन सांगतलं की चूक माझी आहे. आईनं पोराले असं सांगणं आमच्याकडे होत नाही, तोही गडबडला. म्हणे जाऊ दे. मी म्हटलं, जाऊ नाही देत. मग मी धुरपताले फोन लावला.

मार्चमध्ये गोरेगावकडचं ठिकाण निघालं. रामटेक्यांची पोरगी. मशीन घरीच ठेवली, आता ती फक्त यांच्या शाळेच्या फेऱ्यांले लागे. गावाच्या तोंडावर पानठेला दिसला. तीन जण होते, एक जण खर्रा घोटून राहिला होता. मी समोरच्या सीटवर बसली होती.

"साक्षीचे बाबा, गाडी थांबवा," मी म्हटलं.

पोरगी गेल्यापासून मी यांले अतुलचे बाबा म्हणत आली. सतरा वर्षांत ते नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. यांनी गाडी थांबवली, पण हात गिअरवरून काढला नाही. मागं अतुल सरळ बसला.

मी काच खाली नाही केली. दार उघडून उतरली, ठेल्यापुढं जाऊन उभी राहिली आन तिघांलेही ऐकू जाईल असं सांगतलं, "रत्नपाल रामटेकेचं घर कोणतं? पोरगी पाहाले आलो. पोट्टा गाडीत आहे, त्याचं पिवळं कार्ड आहे. मोठी पोरगी माझी सिकलनं गेली. साक्षी नाव होतं. पोरीकडचं काही असन तर आताच सांगा."

खर्रा घोटणाऱ्याचा हात थांबला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकं सगळं न विचारता भेटल्यावर त्यांले काय विचारावं तेच कळेना. मग त्यातला म्हातारा उठला, धोतर झटकलं, गाडीत वाकून अतुलले नीट पाहून आला.

"त्या पोरीच्या रक्तात काही निघालं नाही, बाई," तो म्हणाला. "आशाताईनं शाळेत सगळ्यांचं तपासलं होतं. बोरिंगपासून डाव्या हाताले वळा. दुसरं घर."

मी येऊन गाडीत बसली. यांनी विचारलं, काय म्हणाला? मी सांगतलं, बोरिंगपासून डाव्या हाताले.